पिंडाला शिवलेलं मांजर

टौरंगा, ७ जून

ती. सुलभावहिनी,

साष्टांग नमस्कार नुसता लिहीत नाही, कारण परवा निघताना खरोखरचा घातला आणि गुडघा अजून कुरकुरतोय. सुखरूप पोचलो. फोनवर तुम्ही "बरं, बरं" म्हणता आणि ठेवून देता, म्हणून हा मेल. मेल तुम्हाला मध्येच ठेवता येणार नाही.

इकडे लख्ख ऊन आहे. विनयाने सकाळी झाडाची लिंबं काढली, मी जॅन्डल्स, म्हणजे रबरी चपला, घालून अंगणात फिरतोय, आणि तुम्ही तिकडे खाली दक्षिणेत ट्वायझलला बर्फात एकट्या. खरं सांगतो वहिनी, घास उतरत नाही.

दादाच्या दहाव्याचं डोक्यातून जात नाही. एक जून. इथल्या, दक्षिण गोलार्धातल्या लोकांचा हिवाळा त्या दिवशी सुरू होतो म्हणे, तर हिवाळ्याने तरी एवढा वक्तशीरपणा दाखवावा? पहाटेपासून बर्फ. पुण्यात तेव्हा मध्यरात्र, म्हणून गुरुजींनी सगळा विधी आदल्या दिवशीच बोलून पाठवलेला. मी धोतरावर दादाचं पफर जॅकेट चढवून डेकवर उभा, पुढे भाताचा पिंड, वर दही, आणि सबंध मॅकेन्झी प्रांतात औषधाला एक कावळा नाही! तारेवर दोन मॅगपाय बसले होते. काळे-पांढरे, अर्धे कावळेच की. मी हात जोडले, तर त्यांनी माझ्याकडे पाठ फिरवली. फोनमधल्या रेकॉर्डिंगमध्ये गुरुजी सांगत होते, कावळा नाहीच आला तर दर्भाचा करून शिवावा. दर्भ कुठला डोंबलाचा? मी रस्त्याकडेचं टसक नावाचं रानगवत उपटून आणलं आणि त्याचा कावळा वळायला घेतला, तर बोटं इतकी बधिर की त्याची झाली केरसुणी.

तुम्ही स्वयंपाकघरात होतात, म्हणून पुढचं तुम्हाला माहीत नसेल. आपल्याकडे पिंडाला कावळा शिवेना की घरचे बोलतात ना, गेलेल्याचा जीव कशात अडकलाय त्याचा अंदाज घेत, तसा मी बोलत सुटलो. दादा, तुझ्या अस्थी नाशिकला नेतो. काही नाही. दादा, तुझं अर्धवट राहिलेलं लाकडांच्या वूडशेडचं छप्पर पुरं करून देतो. काही नाही. मग म्हणालो, दादा, तुला मूलबाळ नाही, वहिनीची काळजी असेल तर ऐक. वहिनीला मी या बर्फात एकटी ठेवणार नाही. माझ्या घरी नेईन, आईसारखी सांभाळीन. शब्द तोंडातून बाहेर पडला आणि डेकच्या पायऱ्यांखालून एक करडं मांजर निघालं, बर्फातून सरळ आलं आणि पिंड खाऊ लागलं. दह्यासकट. गुरुजींना नंतर विचारलं. म्हणाले, जिवाने शिवलं ना? झालं मग.

तेव्हा आता तुमच्या-माझ्या हातात काही राहिलेलं नाही. विनयाने खालची खोली रिकामी केली आहे, बाथरूमला लागून आहे, पायऱ्या नाहीत. जुलैत न्यायला येतो.

तुमचा आज्ञाधारक (हसू नका),
जगदीश

---

ट्वायझल, ११ जून

जगदीश,

तुला आणि विनयाला आशीर्वाद. गुडघा शेकत जा, आणि जॅन्डल्स घालून फिरू नकोस, टाच दुखते. माझ्यासारख्या नर्सचं ऐकावं, निवृत्त झाली असली तरी.

खोली इतक्यात रिकामी करायला नको होती. विनयाचं शिवणाचं मशीन तिथे होतं ना? परत लावून घे म्हणावं.

इथे बर्फ सावलीत अजून आहे. उन्हातला दिवसा वितळतो आणि संध्याकाळी पुन्हा गोठून त्याची काच होते. पाइनच्या झाडांवरून मधूनच धप्पकन गठ्ठा पडतो. मी लाकडं पेटवते, वाचते, दुपारी दूध आणायला डेअरीपर्यंत जाते. तिथली मुलगी रोज विचारते, हाऊ आर यू, आणि मी म्हणते, गुड. दोघींना तेवढं पुरतं.

मांजर येतं. बर्फात मांजर कसं चालतं ते तू नीट पाहिलं नसशील. एकेक पंजा उचलून झटकतं, हा सगळा पसारा कुणी घातला म्हणून रागावल्यासारखं. मग गाडीच्या चाकाची ओळ सापडली की गुपचूप त्यातून चालतं. कुणी गाडी घेऊन आलं की बॉनेट गार होईपर्यंत त्याच्यावर. मी गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर थाप मारते, कारण आत इंजिनापाशी जाऊन बसायची त्यांना खोड असते. पाण्याची वाटी गोठते, सकाळी चकती उलटी करून टाकून देते. डेकखाली मी आधी जुनी घोंगडी घातली होती, ती ओली होऊन लाकडासारखी कडक झाली. ग्रेमने सांगितलं, कापड नको, सुका पेंढा घाल. पेंढ्यात मांजराला स्वतःची ऊब धरता येते.

ग्रेम म्हणजे शेजारचा, दहाव्याला स्कोन घेऊन आलेला. नदीच्या पात्रातल्या दुर्मिळ पक्ष्यांसाठी तो पिंजरे लावतो. हिवाळ्यात उपाशी मांजरं तिकडे जातात, आणि बेवारशी सापडलं तर ते जिवंत परत येत नाही. त्याने मला विचारलं, हे करडं तुझं का? मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, स्वीट ॲज, म्हणजे ठीक, आणि गेला.

लिंबांचं लोणचं घाल म्हणावं विनयाला.

सुलभा

---

टौरंगा, १६ जून

वहिनी,

पायाखालची जमीन सरकवलीत! "माझं नाही" काय म्हणता? ग्रेमला आत्ताच्या आत्ता जाऊन सांगा, त्या मांजराला हात लावायचा नाही. हे मांजर साधं आहे का? दादाच्या पिंडाला शिवलेलं आहे ते. त्याला पिंजऱ्यात घालणार म्हणजे कुणाला घालणार, सांगा बघू. तुम्हाला वाटेल जगदीश म्हातारपणी देवभोळा झाला. झालो असेन. आयुष्यभर किवीफ्रूटच्या पॅकहाउसमधली यंत्रं दुरुस्त केली, यंत्र का चालत नाही ते मला नेहमी सापडायचं. दादा का गेला ते सापडत नाही. सकाळी लाकडं रचत होता आणि दुपारी नाही? हे काय झालं?

तुम्ही माझ्या शब्दाबद्दल अवाक्षर लिहिलं नाही. मुकी संमती धरून पुढची तयारी केली आहे. बारा जुलैचं क्राइस्टचर्चचं तिकीट काढलं, तिथून गाडीने येतो. तुमच्या गावातल्या एका एजंटला फोन केला, तो घर बघून किमतीचा अंदाज देईल. चांगला वाटला बोलायला. हीप्स ऑफ इंटरेस्ट आहे म्हणाला, गिऱ्हाइकं पुष्कळ, हिवाळ्यातसुद्धा.

आता अडचण मांजराची. विनयाला मांजराच्या केसांनी धाप लागते, हे तुम्हाला माहीत आहे. तेव्हा ते इकडे आणता येणार नाही. पण ग्रेमच त्याला पाळेल का, विचारून बघा. पिंजरे लावणाऱ्याच्या घरी मांजर अगदी सुरक्षित राहील.

तोवर त्याला रोज दहीभात घाला. माझ्यासाठी.

जगदीश

---

ट्वायझल, २४ जून

जगदीश,

तुझा एजंट आला होता. बूट बाहेर काढून आला, म्हणून चहा दिला. त्याने बेडरूममध्ये टेप धरली तेव्हा मी त्याला म्हटलं की घर विकायचं नाहीये, आणि त्याचे बूट गोठायच्या आत तो गेला तर बरं. भला मुलगा होता, सॉरी म्हणाला. तू म्हणाला नाहीस.

मला राग आला आहे आणि तो लिहूनच टाकते, म्हणजे जेवण पचेल. टौरंगात बसून तू उंटावरून शेळ्या हाकतोस. मी लग्न होऊन आले तेव्हा तू आठवीत होतास, तुझ्या गणिताच्या वहीला मी कव्हरं घातली. त्या हक्काने सांगते: मला न विचारता माझं घर कुणाला दाखवायचं नाही. कालव्यांवरच्या नोकरीसाठी हे मला इथे घेऊन आले तेव्हा मी वर्षभर रडले होते. मग दवाखान्यात लागले, आणि या गावातल्या निम्म्या लोकांना मी टोचलेलं आहे. ती मला नावाने ओळखतात. टौरंगात मला कोण ओळखतं? तुझी वहिनी म्हणून ओळखतील. मी येणार नाही. मुकी संमती धरली होतीस ना, ही बोलकी नापसंती धर.

इथे परवा मोठा बर्फ झाला. डेकचा कठडा दिसेनासा झाला. सकाळी दार ढकलून उघडलं, फावड्याने वूडशेडपर्यंत वाट काढली, मग पायऱ्यांखाली वाकून पाहिलं. पेंढा कोरडा होता. मांजर नव्हतं. त्या दिवसापासून आलेलं नाही. बर्फावर माग असेल म्हणून मी घराला फेरी मारली, तर सशाची पावलं होती, एक साळुंकीसारखं काहीतरी नाचून गेलेलं होतं, मांजराचं काही नाही. हाक मारायची तर नाव नाही. मग मी वाटीवर चमचा वाजवत कुंपणापर्यंत गेले. ग्रेमच्या घरी कुणी नव्हतं.

मला वाईट वाटतंय. एवढंच.

सुलभा

---

टौरंगा, २६ जून

वहिनी,

एजंटचं चुकलं. सॉरी. शंभर वेळा सॉरी.

पण बाकीच्यात मी चुकलो नाही. तुम्ही येणार नाही म्हणालात आणि मांजर नाहीसं झालं. याचा अर्थ तुम्हाला दिसत नसेल, मला दिसतो. मी शब्द दिला म्हणून दादा शांत झाला होता. शब्द मोडतोय म्हटल्यावर तो उठून गेला. आता तो कुठे असेल, त्या बर्फात? मी भावाच्या पिंडापुढे खोटं बोललो असं होणार आहे, वहिनी. सख्ख्या भावाच्या. मला भीती वाटते. तुम्हाला हे हास्यास्पद वाटत असेल तर हसा, पण या. तुम्ही आलात की माझी यातून सुटका होईल.

जगदीश

वहिनी, मी विनया. यांनी मेल पाठवायच्या आधी मला दाखवला म्हणून खाली चार ओळी लिहिते. हे रोज पहाटे उठून मागच्या अंगणात दहीभात ठेवतात. गल्लीतली सगळी मांजरं यायला लागली आहेत, मला धाप लागते, आणि शेजारच्या बाईने काल कुंपणावरून विचारलं की इज एव्हरीथिंग ओके. मी हो म्हटलं. पण ओके नाहीये. हे ती मांजरं खाईपर्यंत हात जोडून उभे राहतात. तुम्ही यावं असं मी म्हणणार नाही, तुमचं घर तुमचं. यांना काहीतरी सांगा मात्र, तुमचं ऐकतात.

---

ट्वायझल, ३० जून

जगदीश,

आधी मांजराचं. सापडलं. ग्रेम काल पिंजरा घेऊन दारात उभा राहिला, आत ते करडं, अंगाचं पार चिपाड झालेलं. नदीकाठच्या विलोच्या झाडांच्या रांगेत अडकलं होतं. तो म्हणाला, सुलभा, शेवटचं विचारतो, हे तुझं आहे की नाही? मी म्हटलं, आहे. मग लगेच व्हेटकडे नेऊन त्याला माझ्या नावाची चिप बसवली, आणि पक्षी सावध व्हावेत म्हणून घंटेचा पट्टाही घातला. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची म्हणतात ना, ती मी बांधली. मनगटावर ओरबाडलंय. आता ते लॉग बर्नरच्या शेगडीपुढे झोपलं आहे. बाहेर पुन्हा भुरभुरतंय.

आता तुझं. विनयाचं वाचून मी ठरवलं की हे सांगायलाच हवं. आधी सांगितलं नाही, कारण वाटलं, आपोआप विरेल.

ते मांजर परकं नव्हतं. गेल्या हिवाळ्यापासून रोज सकाळी हे त्याला त्याच कोपऱ्यात, डेकवर उजव्या हाताला, रात्रीचा उरलेला भात दही कालवून घालायचे. "या साहेब, बसा," म्हणायचे. हे गेल्यावर मी घालत होते. तू नऊला उठणारा माणूस, तुला कुठून दिसणार? दहाव्याच्या दिवशी पिंडाला काही शिवेपर्यंत घरात कुणाच्या तोंडी काही लागू नये म्हणून मी त्यालाही घातला नाही. ते पायऱ्यांखाली उपाशी बसून होतं. तू पिंड ठेवलास तो नेमका त्याच्या जागेवर, वर दही घालून. तू मोठमोठ्याने बोलत होतास म्हणून ते बाहेर यायला बिचकत होतं, एवढंच. तू शब्द दिलास आणि गप्प झालास. गप्प झालास म्हणून ते आलं. तू तिथे पाढे म्हणून थांबला असतास तरी आलं असतं.

मला स्वयंपाकघरातून सगळं ऐकू आलं होतं. खिडकी उघडीच असते माझी, तुपाचा वास जायला. मी तेव्हाच बाहेर येऊन सांगणार होते. पण तू बर्फात फतकल मारून बसलास आणि रडायला लागलास. हे गेल्यापासून तू रडला नव्हतास. विमानतळावर नाही, तिमारूला दहनाच्या वेळी नाही. सगळ्यांना चहा देत, फोन करत नुसता धावत होतास. मी म्हटलं, रडू दे याला. आणि दार लावून घेतलं.

तेव्हा तुझ्या शब्दावर कुणी शिवलं नाही. तू बांधलेला नाहीस, मीही नाही. तो दहीभात बंद कर, विनयाला श्वास घेऊ दे.

सुलभा

---

टौरंगा, १ जुलै

वहिनी,

दहीभात बंद केला. विनया बरी आहे.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. तुम्ही म्हणता मी सुटलो. हिशेब बरोबर आहे, यंत्रासारखा बरोबर. पण मग दादाच्या पिंडाला काहीच शिवलं नाही. कावळा नाही, मॅगपाय नाही, आणि मांजरही नाही, कारण ते न्याहारीला आलं होतं. मग दादा गेला कसा? समाधानाने गेला की अर्ध्यातून? एवढं तरी माझ्याकडे होतं, वहिनी. तेही तुम्ही नेलंत.

तिकीट रद्द करायला हवं. उद्या करतो.

जगदीश

---

ट्वायझल, २ जुलै

जगदीश,

तुझं पत्र आल्या आल्या बसले आहे, म्हणून नमस्कार-आशीर्वाद काही नाही.

नाही शिवलं. मी तुला दुसरं काही सांगू शकत नाही. दवाखान्यात मी पुष्कळ माणसं जाताना पाहिली. शांतपणे गेलेली पाहिली, मारामारी करत गेलेलीही पाहिली, पण काम पुरं करून गेलेलं कुणी पाहिलं नाही. सगळ्यांचं काही ना काही राहतंच. यांचंही राहिलं असेल. काय राहिलं ते मला माहीत नाही, आणि हे मी रोज स्वतःला विचारते, म्हणजे तू एकटा विचारत नाहीयेस. त्या दिवशी सकाळी हे मला म्हणाले, लाकडं झाकून ठेवायला हवीत, बर्फ लवकर येणार. मी म्हटलं, नंतर करा, चहा घ्या. चहा घेतला आणि गेले बाहेर. माझ्याशी यांचं शेवटचं बोलणं ते. त्यातून काही अर्थ काढायचा म्हटला तर निघत नाही.

तुझ्याकडचं ते एवढंसं मी नेलं, हे खरं आहे. माफ कर. मला माझं घर वाचवायचं होतं.

आता मी तुला एक सांगते. आत्तापर्यंत फोनवर "बरं, बरं" म्हटलं आणि पत्रात मांजराचं लिहिलं, कारण ते सोपं होतं. तू यांना शब्द दिलास, माझ्यासाठी खोली रिकामी केलीस, एजंट पाठवलास, पण वहिनी, तुम्हाला काय हवंय, असं एकदाही विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं. मी अजून दोघांचाच भात लावते. हात आपोआप दोन वाट्या घेतो. पानं घेतानाही दोन घेतली जातात आणि मग मी एक परत ठेवते. संध्याकाळी पाचला अंधार पडतो आणि बाहेर बर्फाला स्वतःचा आवाज नसतो, त्यामुळे घरातलं घड्याळ ऐकू येतं. मला इथे राहायचं आहे आणि मला इथे एकटीला राहवत नाहीये. दोन्ही खरं आहे.

तिकीट रद्द करू नकोस. केलं असशील तर दुसरं काढ. मला न्यायला नको येऊस, हिवाळा सरेपर्यंत राहायला ये. विनयाला धाप लागेल म्हणून मांजर वूडशेडमध्ये ठेवीन, ती जेव्हा येईल तेव्हा. तू कुठलाही शब्द देऊ नकोस. नुसता ये.

मला घरात कुणीतरी हवंय, जगदीश.

सुलभा